बांधावरची चार मिनिटं

१

ओझोरियोची व्हॅन सकाळी सहाला नव्या आल्देयाच्या चर्चसमोरून निघायची आणि पावणेसातच्या सुमाराला पाल्मा गावच्या बाजारात पोचायची. दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या, शाळेच्या दोन बाई, चीज विकायला निघालेला एखादा शेतकरी, आणि सगळ्यांच्या पायांत कुणाच्या तरी कोंबड्यांची टोपली. हे गणित अकरा वर्षांत फारसं बदललं नव्हतं. बदलावं असं त्याला वाटतही नव्हतं. साडेदहाला परत फिरायचं, बाराला घरी जेवायला. बायकोच्या, झुल्मिराच्या हातचा भात, काळ्या घेवड्याची उसळ, वर परतलेली पालेभाजी. मग अंगणातल्या पिवळ्या फुलांच्या झाडाखाली तासभर आडवं व्हायचं. कसं चाललंय असं कुणी विचारलं तर तो जरा विचार करून सांगायचा, "बरं चाललंय," आणि ते खरं असायचं.

व्हॅन मात्र त्या मुलखात त्याच्या आधीपासूनची. खाली पांढरी, वर निळी, इंजिन मागच्या बाजूला. चौतीस वर्षांपूर्वी बेलार्मिनो नावाच्या ड्रायव्हरने ती नवी कोरी आणली आणि मरेपर्यंत चालवली. त्याच्या बायकोकडून ओझोरियोने ती घेतली. त्या इंजिनाला पाणी लागत नाही. ते थंड राहतं वाऱ्यावर आणि तेलावर. तेल चुकलं की संपलं. मागच्या वर्षी, दक्षिणेकडच्या घाटात एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाताना ते तसं संपलंही होतं. समोरचा तांबडा दिवा लागला तेव्हा आतून भाजल्याचा वास यायला लागला होता.

"तो दिवा म्हणजे मयताची चिठ्ठी," इंजिन नव्याने बांधून देताना जेनेझियो मेकॅनिक म्हणाला. "सगळं उरकल्यावर येते. तू दोन मीटर लावून घे. एक तेलाच्या दाबाचा, एक तेलाच्या तापाचा. मग आधी कळेल."

"चौतीस वर्षं चालली की तशीच."

"तुझी आईही चष्म्याशिवायच चालायची. मग विहिरीच्या कठड्याला जाऊन धडकली ना?"



२

ऑगस्टातल्या एका शनिवारी सकाळी जेनेझियो पोतं अंथरून व्हॅनखाली शिरला. इंजिनाच्या बाजूला जिथे जुन्या दिव्याचं बटण बसलेलं होतं, तिथे त्याने तीन तोंडांचा पितळी सांधा लावला. एका तोंडाला जुना दिवा तसाच ठेवला, दुसऱ्याला नव्या मीटरची तार जोडली. तेल सोडायच्या बुचाच्या जागी ताप मोजणारं बूच बसवलं. तारा पोटाखालून, पत्र्याच्या नळीतून पुढे आणल्या. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली त्याने बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून, दोन गोल भोकं पाडून, मीटर शेजारी शेजारी बसवले.

झुल्मिरा कॉफी घेऊन आली. अठ्ठेचाळीस वर्षांची, अर्धी पिकलेली जाड वेणी, एक गुडघा जरा आखडलेला. ती खिडकीतून वाकून बघत राहिली.

"म्हणजे आता ही माझ्याआधी तुला सांगणार, पोटात काय चाललंय ते."

"तू कुठे सांगतेस," ओझोरियो म्हणाला.

"तू विचारतोस कुठे."

जेनेझियो चाकाआडून हसला. मग त्याने इंजिन चालू केलं आणि मास्तरासारखं बोट लावून शिकवलं. "हा डावा दाब. पळताना तीनवर राहील. तू थांबलास, इंजिन नुसतं घुरघुरत असलं, की एकवर येईल. हा उजवा ताप. सपाटीला पंचाण्णव. चढणीला एकशे पंधरापर्यंत जाईल, घाबरू नकोस. उतारावर पाय काढलास की आपोआप खाली येईल. एवढंच. हे दोन काटे बघून आंधळासुद्धा सांगेल की गाडी कुठल्या रस्त्याने चाललीय."

३

नव्या आल्देयाहून निघालं की आठ किलोमीटरवर तलाव लागतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी धरण झालं आणि खालची दरी भरली. दरीत जुनी आल्देया होती. कोणी बुडालं नाही. पाणी चढायच्या कितीतरी आधी सगळे वर आले, चर्चची घंटासुद्धा काढून आणली. आता तलावावरून मातीचा बांध घालून रस्ता नेलाय, सात किलोमीटर, फूटपट्टीने आखल्यासारखा. चढ नाही, उतार नाही, एक वळणही नाही. ओझोरियोचा तो आवडता तुकडा होता. तिथे मागची माणसंही गप्प व्हायची आणि पाण्यावरून येणारा गारवा खिडकीतून आत शिरायचा.

त्या सोमवारी तो बांधावर आला तेव्हा काटे जागेवर होते. दाब तीन, ताप पंचाण्णव. त्याला उगाच बरं वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर ताप ऐंशीवर आला होता.

गारवा असेल, त्याने मनात म्हटलं. पाण्यावरचा वारा.

मग दाबाचा काटा खाली आला. अडखळला नाही, पडला नाही. सावकाश, एखादा माणूस बाकावर टेकतो तसा, एकवर येऊन टेकला. ओझोरियोने कान दिला. इंजिनाचा आवाज तोच, वेग पन्नास, कडेचे खांब मागे जात होते. पण काटा सांगत होता की गाडी उभी आहे. नुसती घुरघुरतेय. कुणाची तरी वाट बघत उभी असावी तशी.

तांबडा दिवा लागला नव्हता. त्याने गाडी थांबवली नाही. मागे दवाखान्याची माणसं होती. बांध संपत आला तेव्हा काटा पुन्हा तीनवर गेला, आणि तापाचा काटा चढायला लागला. शंभर. एकशे आठ. निलगिरीच्या बनातल्या सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, एकशे पंधरा. पाल्माच्या वेशीवर तो उतरून पंचाण्णववर आला.

बाजारात पोचल्यावर त्याने मागचं झाकण उघडून सगळं पाहिलं. कुठे गळती नाही, तार सुटलेली नाही. परत येताना बांधावर काटे पुतळ्यासारखे स्थिर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने मनगटावरचं घड्याळ लावून पाहिलं. काटा एकवर राहिला तो चार मिनिटं. चौथ्या दिवशीही चार.

४

"मीटर फुकट गेला," जेनेझियो म्हणाला आणि दुसरे दोन बसवले. तसंच झालं. मग त्याने तारा बदलल्या. मग तो वैतागून स्वतःच एका सकाळी पुढच्या सीटवर येऊन बसला. मागे नेहमीची माणसं होती.

बांध लागला. ताप खाली यायला लागला. जेनेझियोने आधी काट्याला टिचकी मारली, मग घड्याळाच्या काचेला कान लावावा तसा इंजिनाचा आवाज ऐकला. मग तो नुसताच बघत राहिला.  ओझोरियोला वाटलं, हा आता काहीतरी टोमणा मारेल.

"लाकडाच्या वखारीचा उतार," जेनेझियो हळूच म्हणाला.

"काय?"

"इथून पाय काढायचा. तिसरा गिअर." त्याचं बोट हवेत वळण घेत होतं. "इथे ओढा ओलांडायचा. आता सपाटी. बेकरी. डावीकडे शाळा." दाबाचा काटा खाली येऊन एकवर टेकला. "आणि हा चौक."

ओझोरियोने समोर पाहिलं. समोर बांध होता, दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यावर दोन बगळे.

"मी विशीत होतो तेव्हा बेलार्मिनोच्या शेजारी बसून जायचो," जेनेझियो म्हणाला. "जुन्या आल्देयाच्या चौकात तो थांबायचा. चर्चच्या पायरीशी. लोक चढायचे. एक-दोन मिनिटं."

"हे चार थांबतं."

"चार नाही थांबायचा तो. घाईचा माणूस होता."

चार मिनिटांनी काटा उठला. पुढे जेनेझियोने एक एक वळण मोजलं, सात वळणं, आणि प्रत्येक वळणाला ताप थोडा थोडा चढत गेला. निलगिरीच्या बनात त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. मागच्या बायका कुरकुरल्या. त्याने झाकण उघडून तेल मोजायची पट्टी ओढली आणि पटकन सोडून दिली; बोटं भाजली होती.

"खरंच तापलंय," तो म्हणाला. "मीटर खोटं बोलत नाहीये. ही घाट चढून आलीय."

पाल्मात कॉफी पितानाही तो बोटं फुंकत होता. "तारा काढून टाक," शेवटी म्हणाला. "अकरा वर्षं तू त्यांच्याशिवायच चालवलीस."

"तार काढली म्हणून ताप उतरतो होय?"

"उतरत नाही. पण दिसत नाही."

५

झुल्मिराला सांगावं की नको, यावर ओझोरियोने दोन दिवस घालवले. त्यांच्या घरात लपवाछपवीची सवय नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी तो उत्तरेकडून कामासाठी इकडे आला, तिच्या हातच्या जेवणावर महिनाभर जगला आणि मग राहिलाच. मूल झालं नाही. त्याचं रडगाणं दोघांनीही गायलं नाही; शेजारची पोरं, पाहुणे, मांजरी, घर भरलेलंच असायचं. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून पेरूच्या वडीचा तुकडा आणि चीज खायची. न बोलता बसता येईल असं माणूस मिळणं ही लहान गोष्ट नाही, हे त्याला ठाऊक होतं.

त्या दिवशी ती पेरूचा गर आटवत होती. त्याने सगळं सांगितलं. तिचा पळा फिरत राहिला. चार मिनिटांचं ऐकलं तेव्हा थांबला.

"चर्चच्या पायरीसमोर आमचं घर होतं," ती म्हणाली.

"हो, तू सांगितलंयस."

"हे नाही सांगितलं." तिने पातेलं खाली उतरवलं. "मी वीस वर्षांची होते. शिवण शिकायला मंगळवारी आणि शुक्रवारी पाल्माला जायची, बेलार्मिनोच्या गाडीने. मागे, त्याच्या पाठीमागची खिडकी माझी. साओ पाउलोला एक मैत्रीण गेली होती, तिने कपड्यांच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. मी कुणाला सांगितलं नाही. बेलार्मिनोला फक्त म्हटलं, शुक्रवारी माझ्यासाठी जरा थांब, आणि हॉर्न वाजवू नकोस, आई उठेल. बॅग भरली. बूट घातले. आणि खिडकीच्या झडपेमागे उभी राहिले."

"मग?"

"तो थांबला. मला फटीतून दिसत होतं. लोक कुरकुरत होते, तो दाराकडे बघत होता. चार मिनिटं. मग गेला."

"तू का नाही गेलीस?"

"माहीत नाही रे. पाय उचलला नाही." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तीन महिन्यांनी पाणी आलं. आम्ही वर आलो. पुढे तू आलास. मला काही कमी पडलं नाही, ओझोरियो. हे तुला सांगायला नको."

"नको," तो म्हणाला. पण ती बोलली ते बरं वाटलं.

"ही गोष्ट मी कुणाशीच बोलले नव्हते," ती म्हणाली. "बेलार्मिनोशीही पुन्हा कधी नाही."

६

दुसऱ्या दिवसापासून थांबणं वाढलं.

पाच मिनिटं. सहा. पुढच्या आठवड्यात दाबाचा काटा बांध संपला तरी उठला नाही, निलगिरीच्या बनात गेल्यावर उठला. मग पाल्माची वेस दिसेपर्यंत. ओझोरियो स्वतःची समजूत घालायचा. नवीन इंजिन आहे, बसतंय अजून. तेलाची जात बदलून बघू. त्याने ती बदललीही. मागची माणसं गप्पा मारत असायची, एक बाई रोज उसवलेलं काहीतरी शिवत बसायची, आणि पुढे तो काट्याकडे बघून घामाघूम.

कारण आता काटा एकवरही राहत नव्हता. इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभ्या राहिलेल्या गाडीचं तेल पातळ होतं आणि दाब उतरतो, तसा तो उतरायला लागला. पाऊण. अर्धा. एका गुरुवारी तांबडा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. गाडी पन्नासच्या वेगाने पळत होती आणि मागे नऊ माणसं होती. ओझोरियोला दक्षिणेचा घाट आठवला, तो भाजल्याचा वास आठवला. पण त्याहून दुसरंच काहीतरी त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. कुणीतरी खाली चौकात इंजिन चालू ठेवून बसलंय. आधी चार मिनिटांनी निघून जायचं. आता निघत नाहीये. आता त्याला कळलंय की दाराआड कुणीतरी आहे.

घरी आल्यावर त्याने व्हॅन झाडाखाली लावली आणि आत बसूनच राहिला. झुल्मिरा बाहेर आली.

"आज किती?"

"पाल्मापर्यंत."

तिने ओल्या हाताने दिव्याच्या काचेवरची धूळ पुसली. "मी थांबवून ठेवलंय त्याला," ती म्हणाली. "बोलून बसले ना. रविवारी प्रवासी नसतात. रविवारी मी येते."

"काही गरज नाही. मी तारा काढतो उद्या."

"आणि मग रोज त्या नऊ माणसांना घेऊन न बघता जाणार?"

 तिला आत जाताना पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याला व्हॅनची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती झुल्मिरा शांत होती याची.

७

रविवारी उजाडल्यावर ती त्याच्या शेजारी बसली. निळा स्वेटर, करडा झगा, चर्चला जायचे बूट. बॅग वगैरे काही नव्हतं. तलाव दिसला तसं तिने खिडकी खाली केली. पाणी अगदी सपाट होतं, आभाळ त्यात पडलेलं.

काटे उतरायला लागले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पाण्याकडे बघत होती, आणि तिचं डोकं किंचित डावीकडे उजवीकडे होत होतं, वळणावरच्या गाडीत बसलेल्या माणसाचं होतं तसं. ओझोरियोने स्टिअरिंग घट्ट धरलं. स्टिअरिंग सरळ होतं.

दाब एकवर टेकला.

"थांबव," ती म्हणाली.

त्याने बांधाच्या मध्यावर गाडी थांबवली. इंजिन घुरघुरत राहिलं. प्रथमच काटा जे सांगत होता ते आणि समोरचं, दोन्ही एक झालं. वारा पडला होता. कुठूनतरी पाव भाजल्याचा वास आला, अगदी पुसट, आणि गेला.

झुल्मिरा उतरली. पुढून फिरून तिने बाजूचं दार उघडलं. ते नेहमी खडखडत उघडायचं. आज आवाज झाला नाही. ती एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिली. किती वेळ, ते त्याने मोजलं नाही. त्याला मागे वळून म्हणावंसं वाटलं, राहू दे, ये पुढे, घरी जाऊ.  आणि दुसरंही एक खरं होतं: वीस वर्षांची असताना तिला कुणी हात दिला नव्हता. अडवलंही नव्हतं कुणी.

"ये," तो म्हणाला. "बस."

सीट करकरली. दार लागलं. "चल," तिचा आवाज पाठीमागून आला.

त्याने गिअर टाकला. तापाचा काटा चढू लागला आणि या वेळी गाडीही जड झाली. सपाट बांधावर त्याला तिसरा टाकावा लागला, मग दुसरा. सीट मागे रेलल्यासारखी वाटत होती. पहिलं वळण, दुसरं वळण, आता तोही मोजत होता. चौथ्याला त्याने आरशात पाहिलं. खिडकीच्या काठावर कोपर टेकलेलं होतं. उघडं, सावळं, गुळगुळीत कोपर, स्वेटरशिवाय. वाऱ्याने काळे केस उडून आरशाच्या कडेवर आले आणि गेले.

त्याने नजर काढून घेतली. रस्त्याकडे बघत राहिला. आणि तेव्हा उजव्या डोळ्याच्या कडेला त्याला शेजारची सीट दिसली. झुल्मिरा तिच्यावरून उठून दहा मिनिटं झाली होती. पण रेक्झिनवरचा खळगा तसाच होता, बसलेल्या माणसाचा असतो तसा खोल; आणि खळग्याच्या कडेला करड्या झग्याची एक घडी होती. त्याने मान वळवली नाही. काय वाटेल ते झालं तरी तो मान वळवणार नव्हता. सातव्या वळणाला रेक्झिन हळूहळू वर आलं, उशी भरून येते तसं, आणि सपाट झालं.

ताप एकशे पंधरा. मग गाडी हलकी झाली.

८

पाल्माच्या बाजारात बाजूचं दार उघडून झुल्मिरा उतरली. निळा स्वेटर, अर्धी पिकलेली वेणी. गुडघ्याला हात लावून सरळ झाली.

"केवढी भूक लागलीय," ती म्हणाली.

ओझोरियोने तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. ती हसली, लोक बघताहेत म्हणाली, पण सोडवून घेतला नाही. दोघं बस स्थानकाच्या टपरीवर बसली. चिजाचे गरम गोल पाव आले. कॉफीवाल्याने सवयीने साखर घातलेली कॉफी ओतली तशी तिने पेला मागे सारला.

"मला बिनसाखरेची."

"कधीपासून?" ओझोरियोने विचारलं.

"कधीपासून म्हणजे? साओ पाउलोपासून." तिने पाव मोडून अर्धा त्याच्या ताटलीत ठेवला, नेहमी ठेवायची तसा.

त्याने पुढे काही विचारलं नाही. परत येताना ती पुढे बसली आणि बांधावर झोपली. काटे तीन आणि पंचाण्णववर उभे होते. सोमवारी सकाळी जातानाही तिथेच. मंगळवारीही.

जेनेझियोला त्याने गाठून सांगितलं, आता ठीक आहे.

"ठीक नसायला काय झालं होतं?" जेनेझियो म्हणाला. "मी बसून आलो होतो की तुझ्याबरोबर. काटे सुंदर चालत होते."

"बोटं भाजली होती तुझी."

जेनेझियोने बोटं पुढे केली. मेकॅनिकची बोटं, त्यांवर भाजल्याच्या खुणा इतक्या होत्या की त्यातली कुठली कधीची ते सांगणं अवघड होतं.

घरात सगळं पूर्वीसारखंच होतं. काही गोष्टी बऱ्यापैकी चांगल्या झाल्या होत्या. झुल्मिरा काम करता करता गुणगुणायची; गाणी त्याला माहीत नव्हती. शिलाई मशीनवर तिचा हात असा चालायचा, जसा कारखान्यात बसलेल्या बाईचा चालावा. संध्याकाळी ओट्यावर ती त्याच्या खांद्याला टेकून बसायची. कधी कधी तो तिच्याकडे निरखून बघायचा, आणि ती म्हणायची, "काय बघतोस?" आणि तो म्हणायचा, "काही नाही." हीच ती. भुवईवरचा तीळ हाच. मग त्या सीटवर बसून राहिली ती कोण, कुठे उतरली, हा विचार यायच्या आत तो उठून झाडाला पाणी घालायला जायचा.

९

सप्टेंबरात एका दुपारी फोन वाजला. झुल्मिरा मागे कपडे वाळत घालत होती, म्हणून त्याने उचलला.

"बाबा, मी लेनीर," एक बाई म्हणाली. विशीतला, घाईतला, हसरा आवाज. "कंबर कशी आहे तुमची?"

त्याची कंबर खरोखर दुखत होती. "बरी आहे," तो म्हणाला.

"बरी आहे म्हणजे नाहीये. आईला द्या."

झुल्मिराने ओले हात झग्याला पुसत फोन घेतला आणि ती पाऊण तास बोलत राहिली. ताप कुणाला आला होता, शाळेत काय म्हणाले, भाड्याचं घर बदलायचंय का. तो दारात कॉफीचा पेला हातात धरून उभा होता. कॉफी गार झाली.

"रविवारी येतेय," फोन ठेवून ती म्हणाली. "पोरीला घेऊन. सकाळच्या बसने. तू जाशील ना आणायला? मी कोंबडी करते."

"जाईन."

त्या रात्री त्याने एकट्याने स्वतःशी वाद घातला. माणूस विसरतो. छप्पन्न वय झालं. वडील शेवटी आपल्याच भावाला ओळखत नव्हते. कपाटात फोटो असतील. उघडून बघता येईल. त्याने कपाट उघडलं नाही. फोटो असले तर काय आणि नसले तर काय, दोन्ही त्याला नको होतं. त्याच्या शेजारी झुल्मिरा शांत श्वास घेत झोपली होती, तिचा पाय त्याच्या पायाला लागलेला, गरम.

रविवारी तो पाल्माच्या स्थानकावर अर्धा तास आधी पोचला. बस आली. माणसं उतरायला लागली. तो एका खांबाशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन, आणि प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे बघत होता. बारा माणसं उतरली. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या छातीतून एक सुस्कारा सुटला आणि तो सुटकेचा होता की निराशेचा, हे त्याला ठरवता येईना.

मग शेवटी एक तरुण बाई उतरली, दोन पिशव्या आणि चेहरा झुल्मिराचा. तिच्या आधी एक पाच-सहा वर्षांची मुलगी पायरीवरून उडी मारून सरळ त्याच्याकडे पळत आली, गर्दीतून, एकदाही न थबकता, आणि तिने त्याचा हात धरला. लहानसा, चिकट, गोळी खाल्लेला हात.

तो वाकला. आई अजून पिशव्या सावरत होती. तेवढ्यात विचारून घेतलेलं बरं.

"तुझं नाव सांग बरं मला," तो हळूच म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. ती हसलीही नाही, रागावलीही नाही. रोजची गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं.

"तायनारा. आजोबा, तुम्ही दर वेळी हेच विचारता."